टेक्सासमध्ये फेडरल सरकारचं सफाईचं काम मिळवताना: माझा अनुभव

२०२२ मध्ये डॅलसजवळच्या आमच्या सफाई कंपनीत मला धरून सहा जण होतो. दातांचे दवाखाने, एक डे-केअर, दोन-चार ऑफिसं. करोनात निम्मी कामं गेली ती परत आलीच नाहीत. फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची कामं घे, तिथे पैसे बुडत नाहीत, असं एका ओळखीच्यांनी सुचवलं. ते खरं निघालं, पण पहिलं काम हाती यायला पावणेदोन वर्षं लागली.

पहिली पायरी सॅम डॉट गव्हवरची नोंदणी. सरकारी काम हवं असणाऱ्या कंपन्यांनी नाव नोंदवायची ही सरकारी साइट. ती फुकट असते, हे पक्कं लक्षात ठेवा. माझं नाव यादीत चढताच फोन सुरू झाले, नोंदणी अपुरी आहे, सहाशे डॉलर भरा. मी कार्ड काढलंही होतं. मुलाने ईमेलचा पत्ता नीट पाहिला, तर शेवटी गव्ह नव्हतं, कॉम होतं.

त्याआधी नोंदणीच पाच आठवडे अडकली होती. राज्याच्या दाखल्यावर आमच्या घराचा पत्ता, बँकेच्या कागदांवर गाळ्याचा. कंपनीचं नाव आणि पत्ता कागदोकागदी तंतोतंत जुळल्याशिवाय युईआय, म्हणजे कंपनीचा बारा अक्षर-आकड्यांचा सरकारी ओळख क्रमांक मिळत नाही. आधी राज्याकडचा पत्ता बदलून घेतला, मगच गाडी पुढे सरकली.

मी तेव्हा ग्रीन कार्डवर होते, त्यामुळे महिलांच्या कंपन्यांसाठी राखीव असलेली कामं मला मिळणार नव्हती. त्याला नागरिकत्व लागतं. पण नुसत्या ‘छोटा व्यवसाय’ म्हणून राखीव कामांना ती अट नाही. आपल्यातले कितीतरी जण हे माहीत नसल्यामुळे वाटेलाच जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

खरी मदत झाली ती सरकारी कामं मिळवायला छोट्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या केंद्रांची, ज्यांना आता एपेक्स अ‍ॅक्सलरेटर म्हणतात. जवळजवळ प्रत्येक राज्यात ती आहेत, सल्ला बहुतेक फुकट. तिथल्या गृहस्थांनी सरकार कामाचा प्रकार ज्या आकड्याने ओळखतं तो आमचा कोड शोधून दिला, ५६१७२०. यूएसएस्पेंडिंग या सरकारी खर्चाच्या साइटवर मागचं कंत्राट कोणाला, किती रकमेला गेलं ते बघायला शिकवलं. त्यांचं म्हणणं होतं, आधी लहान कामं धरा. तेव्हा १०,००० ते २,५०,००० डॉलरची कामं सहसा छोट्या कंपन्यांसाठी राखीव असत. ऑक्टोबर २०२५ पासून ही मर्यादा १५,००० ते ३,५०,००० झाली आहे.

पहिलं टेंडर मी हरले, आणि दर जास्त होता म्हणून नव्हे. मुदतीच्या चार दिवस आधी अटींमध्ये दुरुस्ती निघाली होती. ती मिळाल्याची सही करून पाठवायची असते, मी साइट पुन्हा उघडलीच नाही. दर न बघताच माझं टेंडर बाद झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरं काम एका तलावाकाठच्या ऑफिसचं आणि तिथल्या स्वच्छतागृहांचं होतं. जागा बघायला आम्ही तिघेच आलो होतो. मी टेप घेऊन खोल्या मोजल्या, चौदा संडास मोजले, साबणाचे डबे मोजले. लाद्यांवर पायांबरोबर आलेली वाळू होती, म्हणजे नुसत्या पोछ्याने भागणार नव्हतं. घरी येऊन कागद शेवटच्या पानापर्यंत वाचले, तेव्हा एका परिशिष्टात सापडलं, मे ते सप्टेंबर सफाई दिवसातून दोनदा. सोबत मजुरीचा तक्ता. किमान दर तर द्यायचाच, वर तेव्हा तासाला जवळजवळ ५ डॉलर आरोग्य-कल्याण भत्ता. हे दोन्ही न धरता मी आधी काढलेला आकडा तसाच पाठवला असता, तर दर महिन्याला पदरचे घातले असते.

मार्च २०२४ मध्ये काम मिळाल्याचा ईमेल आला. एक वर्षाचं काम, पुढे सरकारच्या मर्जीने आणखी चार वर्षं. बिल बरोबर असेल तर तीस दिवसांत पैसे येतात, उशीर झाला तर सरकार व्याज देतं. पण पगार दर पंधरवड्याला करावा लागतो, म्हणून बँकेकडून कर्जाची सोय मी आधीच करून ठेवली होती. पहिलं बिल एकोणिसाव्या दिवशी जमा झालं. त्याच आठवड्यात, करोनात निम्मी कामं गेली तेव्हा आमच्याकडच्या जिला कामावरून घरी बसवावं लागलं होतं, तिला मी फोन केला. ती सोमवारपासून तलावावर येऊ लागली.