कालच्या वरणाचं आज काय?

सोमवार

सोमवारचा स्वयंपाक आमच्याकडे रविवारीच सुरू झालेला असतो. काल दुपारी कुकर लावताना तुरीची डाळ दोन वाट्या घेतली. जेवणारी माणसं चार, त्यात आई चमचाभर वरण घेणार आणि लेक वरणाकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणजे वरण उरणारच होतं. खरं तर त्याला उरणं म्हणण्यातही अर्थ नाही, कारण डाळ मोजतानाच एक वाटी आजची आणि एक उद्याची असा हिशेब हाताने परस्पर केलेला असतो.

सकाळी फ्रिजमधून काढलं तर वड्या पाडाव्यात इतकं घट्ट. शिजताना डाळीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि गार झाला की पुन्हा आवळून बसतो. अशा वरणात गार पाणी ओतून पळी फिरवत बसलं तर गुठळ्या शेवटपर्यंत हटत नाहीत. कढत पाणी घालून रवी फिरवली की लगेच मोकळं होतं. मग मोहरी, मेथीचे चार दाणे, हिंग, हळद, कढीपत्ता, वरून चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला. चिंच डाळ कच्ची असताना घातली की डाळ हटून बसते, शिजायचं नाव घेत नाही, आंबटाचा तो गुणच आहे. कालच्या वरणाला ती भीती नाही. ते आधीच गळलेलं असतं, त्यामुळे चिंच-गुळाबरोबर हवं तितका वेळ उकळत ठेवता येतं. आमटीला खरी चव या उकळण्यातच येते. ताज्या वरणाची आमटी मला नेहमी घाईत कपडे घालून आलेल्या पाहुण्यासारखी वाटते.

हिंग मात्र तेलातच पडला पाहिजे. आमच्या घरी एक पंथ असा आहे की हिंग कुकरमध्ये डाळीवर भुरभुरला की झालं. तोही घालावा, पण हिंगाचा वास खुलतो तो गरम तेलात. एवढा हिंग रिचवणाऱ्या आपल्या देशात तो पिकत नव्हता, बहुतेक अफगाणिस्तान-इराणकडून यायचा. हिमाचलमध्ये लाहौलच्या खोऱ्यात त्याची लागवड सुरू झाली ती थेट २०२० साली. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं, आता त्या डबीचं झाकण घट्ट लाव, साखरेला वास लागलाय."

मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही. बटाट्याच्या काचऱ्या, पोळ्या, काकडीची कोशिंबीर. बायकोची उद्या सकाळी लवकर मीटिंग, म्हणून पोळ्या जास्तीच्या लाटून ठेवल्या.

बुधवार

फोडणीची पोळी. आमच्याकडे हिला पोळीचा चिवडा म्हणतात, आईच्या माहेरी कुस्करा. नाव काहीही असो, माझ्या मते पोळीचा जन्म या दुसऱ्या दिवसासाठीच असतो.

पोळ्या रात्री फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. पाव असो वा पोळी, फ्रिजच्या गारव्यात बाहेरपेक्षा लवकर वातड होते. सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या की सकाळपर्यंत थोड्या सुकतात, पण कडकत नाहीत, आणि कुस्करायला नेमकं तेवढंच हवं असतं. शिवाय कुस्करायची ती हातानेच. मिक्सरला लावून तिचा भुगा करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी मनात राग नाही, पण त्यांच्याकडे नाश्त्याला जात नाही. भुग्यावर पाण्याचा हबका मारला की त्याचा लगदा होतो. हाताने केलेले तुकडे लहानमोठे असतात, काही नखाएवढे, काही रुपयाएवढे. लहान तुकडे तेल पिऊन कुरकुरीत होतात, मोठे मऊ राहतात आणि एका घासात दोन्ही येतात.

तेलात आधी शेंगदाणे, ते तांबूस झाले की मोहरी, जिरं, मिरची, भरपूर कांदा. कांदा पुरता शिजू द्यायचा नाही. हळद, तिखट, मीठ, चिमूटभर साखर. पोळी घालून परतली की ओल्या हाताने पाणी शिंपडायचं, झाकण ठेवायचं आणि एक वाफ काढायची. आवळून बसलेला स्टार्च वाफेने पुन्हा सैल पडतो आणि वातड तुकडा मऊ होतो. झाकण काढल्यावर कढईच्या कडेला चिकटलेले जे चार-दोन करपट तुकडे असतात ते करणाऱ्याचे. हा नियम मीच केला आहे आणि तो घरात कोणी मोडत नाही, कारण कढईजवळ मीच उभा असतो.

लेकीने डबाभर नेली. लहानपणी तिला कुस्करलेल्या पोळीत तूप-गूळ घालून लाडू वळून द्यायचो. आता ती गूळ खात नाही, कारण विचारायचं नाही.

गुरुवार

आज भाकरी. मावसभाऊ मंगळवेढ्याहून ज्वारी पाठवतो, त्यामुळे या बाबतीत आम्ही श्रीमंत. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आई म्हणाली, "मानांकन मिळायच्या आधी काय आम्ही माती खात होतो का?" तसंच २०२३ साली, संयुक्त राष्ट्रांच्या भरडधान्य वर्षात, आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ज्वारीची बिस्किटं आली होती. तिच्यासाठी दोन आणली. तिने एक चहात बुडवून खाल्लं आणि दुसरं मला परत दिलं.

भाकरी मी आईकडून शिकलो, तेही वय झाल्यावर. गव्हासारखं ग्लूटेन ज्वारीत नसतं, म्हणून नुसतं मळून पिठाला चिकटपणा येत नाही. पाणी कढत लागतं. त्याने थोडं पीठ शिजतं आणि ते बाकीच्याला धरून ठेवतं. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी गेलेली असते, त्याला तर कढत पाण्यावाचून गत्यंतरच नाही. आई पाणी बोटाने बघते, मी आधणाचा आवाज ऐकतो. उंडा परातीत तळहाताच्या मुळाने रगडायचा, चिरा पडेनाशा होईपर्यंत. मग खाली कोरडं पीठ भुरभुरून थापायची, आणि थापताना ती आपोआप फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर खालचं पीठ कमी पडलंय.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते आणि तिच्यावर ओला हात फिरवायचा. वेळ साधायची ती इथे. पाणी पुरतं सुकायच्या जरा आधी उलटायची. घाई झाली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर तडकते. भाजून झाल्यावर विस्तवावर धरली की पापुद्रा सुटतो, आणि पहिल्या भाकरीचा पापुद्रा सुटला की आई काहीच बोलत नाही. नाही सुटला तरच बोलते.

भाकऱ्या अर्थातच दोन जास्त केल्या. शिळी भाकरी, घट्ट दही, हाताने फोडलेला कांदा आणि खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा, यासाठी मी ताजी गरम भाकरीसुद्धा नाकारीन. उद्या सकाळी ऑफिसचा पहिला कॉल सुरू व्हायच्या आत हा कार्यक्रम उरकायचा आहे. कांद्यामुळे कॅमेरा बंद ठेवायचं कारण नाही, पण ठेवतो.

शुक्रवार

फोडणीचा भात, ताक. यात नवीन काय, असं कुणीही म्हणेल, पण ताज्या भाताचा फोडणीचा भात करून बघा. चिखल होतो. रात्रभर गार झालेलं शीत आवळून घट्ट होतं, म्हणून कढईत मोकळं राहतं. आमच्याकडे रोज आंबेमोहोर असतो, तो मुळातच चिकट आणि मऊ, त्यामुळे तो शिळा झाल्याशिवाय फोडणीला अजिबात दाद देत नाही.

एका बाबतीत मात्र मी आईचं ऐकत नाही. तिच्या लेखी भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवला तरी चालतो, "थंडीचे दिवस आहेत, काही होत नाही." भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, बॅसिलस सिरियस नावाचे, आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी एकदा विष सोडलं की ते नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून रात्री जेवणं झाली की भात ताटात पसरायचा, वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये टाकायचा. आई याला माझं "दवाखान्यातलं खूळ" म्हणते. म्हणो. शिळं खाणाऱ्यानेच त्याची शिस्त जास्त पाळावी. आमच्या फ्रिजमध्ये तिसऱ्या दिवसाचं काही सापडलं तर ते कुणाच्याही लाडाचं असो, बाहेर जातं.

संध्याकाळी लेकीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, उरलेल्या भाताचे चीजचे गोळे. त्यासाठी चीज, ब्रेडचा चुरा, कॉर्नफ्लोअर, मक्याचे दाणे आणि कढईभर तेल. वाटीभर भात वाचवायला दुकानातून पिशवीभर सामान आणायचं! यात उरलेलं संपत नाही, वाढतं. उद्या ते अर्ध्या पाकिटाचं चीज कोण संपवणार?

शनिवार

आज फ्रिज रिकामा. कालचं काहीही नाही, भाजीही आणलेली नाही. असा दिवस आठवड्यात एकदा येतो आणि त्या दिवशी पिठलं होतं.

बायकोच्या माहेरी पिठलं पातळ, पळीवाढं, आधी पाण्यात बेसन कालवून केलेलं. आमच्याकडे घट्ट. फोडणीत लसूण ठेचून, कांदा, मिरची, पाण्याला उकळी आली की एका हाताने बेसन सोडायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. गुठळ्या थोड्या राहतातच, राहू द्याव्यात. लोखंडी कढई असावी आणि शेवटी गॅस बारीक करून झाकण ठेवून तिला पाच-सात मिनिटं विसरून जावं, कारण खरी मेजवानी खाली तयार होत असते. पिठलं वाढून झालं की कढईच्या तळाशी तांबूस पापडी उरते, ती खरवड. उलथन्याच्या टोकाने कडेकडेने सोडवत आणली तर अख्खी निघते, कागदासारखी पातळ, एका बाजूला करकरीत, दुसऱ्या बाजूला ओलसर. वर कच्चं तेल आणि चिमूट मीठ.

ती कुणाची, यावरून आमच्याकडे दर वेळी वाद होतो. आईचा हक्क वयाने, लेकीचा लाडाने, माझा केल्याचा. आज बायकोने चौथा मुद्दा काढला, कढई ती घासणार होती. खरवड तिला मिळाली.

रविवार

सकाळी पोहे. एवढा आठवडाभर कालच्याचं आज करून खाणारा माणूस मी, पण पोह्यांपुढे हात टेकले आहेत. गार झाले की दडस होतात, पाणी शिंपडून वाफ दिली तर गिच्च, परतले तर कोरडे, घशात अडकतात. मुळात पोहे म्हणजे आधीच शिजवून, चेपून, वाळवलेला तांदूळ. त्याला एकदा भिजवून फुलवला की त्याच्याकडे द्यायला पुढे काही उरत नाही. म्हणून पोहे मी मोजून भिजवतो, माणशी मूठ-दीड मूठ, एक दाणा जास्त नाही.

तरी आज वाटीभर राहिले, कारण आईने "मला नको, काल जड झालं" म्हणून सांगितलं ते पोहे भिजवून झाल्यावर. मी ते चिमण्यांना घालणार होतो. दुपारी बघतो तर लेक फ्रिजचं दार उघडं ठेवून तिथेच उभ्याने गार पोहे खातेय, त्यावर टोमॅटो सॉस. चांगले लागतात म्हणाली. मी एक चमचा खाऊन पाहिला. नाही लागत.

कुकर लावलाय. डाळ दोन वाट्या.