धुळ्याचा पिनकोड फुटत नाही

पिनकोड आपण पाठ करतो तो कुरिअरवाल्यासाठी, त्याला भाग देऊन कोण बघतं. पण मला आकडा दिसला की फोडायची खोड आहे, भुईमुगाच्या शेंगा समोर असल्या की हात गप्प बसत नाही ना, तसंच. म्हणून खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांच्या गावांचे पिनकोड घेऊन बसलो.

धुळे 424001. दोनने जात नाही, तीनने नाही, सातने भागलं तर चार उरतात, असं करत करत 647 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून झाल्या तरी बाकी राहतेच, आणि पुढची 653, तिचा वर्गच याच्यापेक्षा मोठा, म्हणजे विषय संपला, आख्खा आकडा मूळ संख्या! ज्याला कोणी भागू शकत नाही त्या धुळ्याचंच सरकारने 1998 मध्ये विभाजन केलं आणि नंदुरबार वेगळं काढलं, आता बोला. शिवाय चारने भागून एक उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि ती एकाच प्रकारे होते, हे फर्मा नावाचा फ्रेंच गणिती सतराव्या शतकात सांगून गेला, सिद्ध नंतर ऑयलर या दुसऱ्या गणितीने केलं. शोधलं तर सापडलं पण, 620 चा वर्ग 384400, 199 चा 39601. करा बेरीज.

जळगाव 425001 म्हणजे तीन गुणिले 141667, आणि तो 141667 परत मूळच. एवढं सोन्याचं आणि केळीचं गाव, पण आकड्यात काही दम नाही.

खरी मजा नंदुरबारची, 425412. जिल्हा निघाला धुळ्यातून पण पिनचे पहिले तीन आकडे जळगावचे, ते एक असो. निम्मे केले 212706, परत निम्मे 106353, मग तीनने 35451, 11817, 3939, 1313, आणि हे 1313 म्हणजे तेरा गुणिले एकशेएक, किती सुटसुटीत! एकूण विभाजक 60. आकड्यांची बेरीज 18 आणि 18 ने पूर्ण भागही जातो, 23634 येतात. अशा संख्येला हर्षद संख्या म्हणतात, हे नाव देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचं, म्हणजे आपल्याच भुसावळ-मुंबई लाईनवरचं. आणि स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज केली तर 784104, म्हणजे मूळ आकड्याच्या पावणेदोन पटीहून जास्त, आणि ही बेरीज आकड्याहून नुसती मोठी भरली तरी त्याला विपुल संख्या म्हणतात. 1972 ला पोस्टाने पिनकोड आणले तेव्हा कोणी हे बघून दिलं असेल असं मला तरी वाटत नाही.

विकासाच्या याद्यांमध्ये खाली असणारा जिल्हा, आणि इथे सगळ्यात भरलेला. नंदुरबारच्या दोस्ताला फोनवर हे सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणे, "मंग हाई मंत्रालयमा कोण सांगी?"