आमची वाटचाल: युनिट बंद, शिलाई चालू

उशीचे अभ्रे, पडदे आणि कापडी पिशव्या शिवणारं आमचं छोटं युनिट. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी ठरवलं, पाठोपाठ टाळेबंदी आली आणि जुन्या ऑर्डरी एकदम थांबल्या. मास्क मात्र सगळ्यांनाच हवे होते. कापड होतं, शिवणारे हात होते, पण ते एका छताखाली आणता येत नव्हते. म्हणून कामच घरोघरी पाठवायचं ठरलं. टाळेबंदीत युनिट तगलं ते या वाटपाच्या शिस्तीवर.

कटिंग तेवढं एकाच टेबलावर ठेवलं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. न भिजवता कापलं तर आतला थर आकसतो, बाहेरचा तसाच राहतो आणि मास्क गालापाशी फट सोडतो. त्यामुळे सुती तागा रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचा.

५ जून २०२० च्या सूचनांमध्ये संघटनेने कापडी मास्कला तीन थर सुचवले: आत ओलावा शोषणारं सुती, मध्ये नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेलं, पॉलिप्रॉपिलिन (एक प्लास्टिक), बाहेर पाणी न धरणारं पॉलिएस्टर किंवा मिश्र कापड. आमचं माप २० बाय २० सेंटिमीटर. चारही बाजूंनी एक सेंटिमीटर शिलाई आणि दीड सेंटिमीटर खोलीच्या तीन चुण्या घेतल्या की तयार मास्क १८ बाय ९ चा होतो. चुण्यांची तोंडं बाहेरून खाली हवीत. वर असली तर त्यांत धूळ साठते.

एका बंडलात २५ मास्कचे कापलेले थर, नाकाच्या तारा, इलॅस्टिक, दोऱ्याचं रीळ, एक नमुना पीस आणि नंबराची चिठ्ठी. बंडल दाराबाहेर ठेवायचं, फोन करायचा, मागे सरायचं. आलेला माल आम्ही तीन दिवस बाजूला ठेवायचो, कारण विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आढळल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं होतं. पृष्ठभागांतून लागण होण्याचा धोका कमी आहे हे पुढे कळल्यावर ही अट काढली.

शिकवणं फोनवरून. व्हिडिओ समोरून घेतला तर डावं-उजवं उलटतं. तो खांद्यामागून, सुईवर रोखून घ्यावा. घरगुती मशीन सर्वांत जास्त अडतं ते चुण्यांच्या कडेला. तिथे तीन थरांच्या तीन घड्या, म्हणजे नऊ पदर एकावर एक येतात. ११ नंबरची सुई वाकते, टाके सुटतात. १६ नंबरची सुई लावायची, पायडल सोडायचं आणि तेवढे टाके हाताने चाक फिरवून घ्यायचे. टाचण्या फक्त शिलाईच्या पट्टीत. मधोमध टोचलं की नॉनवोव्हनला भोक राहतं. सुतीला लागते तितकी गरम इस्त्रीही चालत नाही, पॉलिप्रॉपिलिन साधारण १६० अंशांना वितळतं. तारेची दोन्ही टोकं दुमडायचीच, नाहीतर धुण्यात ती कापड फाडून बाहेर येतात.

इलॅस्टिक बाजारातून गायब झालं तेव्हा होजिअरीच्या दोन सेंटिमीटर रुंद आडव्या पट्ट्या कापल्या. ओढल्या की त्या आपोआप गोल वळतात, शिवाव्या लागत नाहीत आणि कानाला काचत नाहीत. बांधायच्या नाड्या करायच्या तर चार, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर.

मजुरी पीसवर, आणि माल मोजून होताच त्याच दिवशी. ज्या घरातले सगळेच पगार अडकलेत त्याला महिनाअखेर परवडत नाही, आणि पैसे वेळेवर पोहोचले की शिलाईही नीट येते. प्रत्येक टप्पा किमान दोन घरांना येत असे. एखादं घर विलगीकरणात गेलं तर तिथलं बंडल तिथेच राहू द्यायचं, मागायचं नाही. त्याच नंबराचं दुसरं बंडल कापून जोडीच्या घरी जाई आणि बंद घराची अर्धी मजुरी चालू राही. ती रक्कम प्रत्येक लॉटमधून आधीच बाजूला काढलेली असे. याच तरतुदीमुळे कोणी आजार लपवला नाही, असं आम्हाला वाटतं.

आता मास्कचं काम जवळपास संपलंय. अभ्रे आणि पिशव्या पुन्हा सुरू आहेत, कटिंग युनिटवर आणि शिलाई बरीचशी घरी. बंडल अजून २५ चंच आहे. जोडीचं घर आणि लॉटमागे बाजूला काढायची रक्कम, दोन्ही वहीत तशीच लिहिली जातात.