सुचते कसे, आणि तोवर राहते कुठे

कथालेखिका म्हणून एखाद्या कार्यक्रमात बोलून झाले, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो : "तुम्हाला हे सगळं सुचतं कसं?" आणि त्याच्या पाठोपाठ, बहुधा एखाद्या बाईकडूनच, दुसरा : "घरचं सगळं सांभाळून वेळ कधी मिळतो?" आजवर मी दोन्ही प्रश्नांना हसून मोघम उत्तरे देत आले. मागच्या वेळी मात्र प्रश्न विचारणाऱ्या मुलीने वही उघडून ठेवली होती आणि माझे उत्तर ती खरोखरच उतरवून घेणार होती. तिच्यासमोर मोघम बोलताना मला लाज वाटली. तुम्ही विचारलेत म्हणून, थोडे उशिराने का होईना, हे नीट लिहून पाहते आहे.

सुचणे ही या सगळ्यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. ते सगळ्यांनाच सुचते, लिहिणाऱ्यांना आणि न लिहिणाऱ्यांनाही. अवघड असते ते सुचलेले न सांडता कागदापर्यंत नेणे, कारण सुचण्याची वेळ आणि लिहायला बसता येण्याची वेळ या दोन्ही एकत्र आल्याचे माझ्या आयुष्यात क्वचितच घडले आहे.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात नंबर येण्याची वाट पाहत बसले असताना माझ्या मागच्या रांगेतली एक बाई फोनवर म्हणाली, "रडून झालं असेल तर कपाटाची चावी कुठे ठेवलीस ते सांग." आवाजात राग नव्हता, कळवळाही नव्हता. मी वळून पाहिले नाही. माझ्या एका हातात तपासण्यांची फाइल होती आणि दुसऱ्या हातात ज्यांना घेऊन आले होते त्यांचा हात, त्यामुळे लिहून घेण्याचा प्रश्नच नव्हता. पुढचे पाच तास मी ते वाक्य मनातल्या मनात घोळवत राहिले. सुरुवातीला त्याच्याबरोबर बरेच काही होते : औषधांचा वास, समोरच्या भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळ, त्या बाईच्या खुर्चीची करकर. संध्याकाळी वही हातात आली तेव्हा ते सगळे गळून गेले होते. उरले होते फक्त वाक्य आणि त्यातला शब्दांचा क्रम. 'रडून झालं असेल तर' हे आधी यायला हवे आणि चावी नंतर. उलटे केले, की ती साधी चौकशी होते आणि त्या दोघींमधले सगळे नाते नाहीसे होते.

त्या वाक्यावरून लिहिलेल्या कथेचा पहिला खर्डा अकरा पानांचा झाला. कोण गेले, बहिणींचे कशावरून बिनसले, कपाटात काय होते, सगळे मी समजावून सांगितले होते, आणि त्या वाक्याच्या आधी 'आवाजात कोरडेपणा आणून ती म्हणाली' असेही लिहिले होते. पाच तास जे वाक्य कोणाच्याही आधाराशिवाय उभे राहिले होते, त्याला मीच कुबडी दिली होती. तिसऱ्या खर्ड्यात ती काढली. चौथ्यात कपाटातल्या वस्तू गेल्या. शेवटी कथा साडेचार पानांची राहिली आणि तिला दीड वर्ष लागले. प्रेरणेविषयी विचारणाऱ्यांना मला हे दीड वर्ष दाखवावेसे वाटते, पण ते बघायला फारसे प्रेक्षणीय नाही.

कागद हाताशी नसणे ही नुसती अडचण नसून कधीकधी ती चाळणीही असते, हे मला बहिणाबाई चौधरींच्या कवितेने पटवले. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या रचत आणि म्हणत गेल्या. त्यांतले काही मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका मावसभावाने उतरवून घेतले म्हणून आपल्यापर्यंत आले. १९५१ साली त्या गेल्या आणि पुस्तक १९५२ साली निघाले. जी ओळ तोंडात राहायची आहे तिला सैल शब्द परवडत नाहीत. त्यांच्या ओळींचा घट्टपणा मला नेहमी या गरजेतून आलेला वाटतो. मात्र इथे सावध राहायला हवे. जे उतरवले गेले नाही ते किती होते हे कोणीच सांगू शकणार नाही, आणि अडचणीचे कौतुक करताना आपण हा हिशेब सोयीस्करपणे विसरतो.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ साली केंब्रिजमधल्या स्त्रियांच्या दोन महाविद्यालयांत जी व्याख्याने दिली, त्यांवर आधारलेले 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. त्यातली, लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःच्या खोलीची आणि वर्षाला पाचशे पौंडांची मागणी सर्वांना ठाऊक असते. त्याच पुस्तकातले आणखी एक म्हणणे कमी उद्धृत होते : व्यत्यय तर नेहमीच येणार, तेव्हा स्त्रियांची पुस्तके आटोपशीर, अधिक एकवटलेली असावीत. हे प्रथम वाचले तेव्हा मला राग आला होता. खोली मागणाऱ्या बाईनेच व्यत्यय गृहीत धरावा आणि पुस्तकाला अंग चोरायला सांगावे, हे मला तडजोडीचे वाटले. पुढे कॅनडाच्या कथालेखिका ॲलिस मन्रो यांनी, मुले लहान असताना कादंबरीला लागणारा सलग वेळ नव्हता म्हणून आपण कथेकडे वळलो, असे सांगितल्याचे वाचले आणि राग थोडा निवळला. त्याच कथांसाठी त्यांना २०१३ साली नोबेल मिळाले. थोडाच निवळला, कारण त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या असत्या तर त्या कशा झाल्या असत्या, हा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

वेळेच्या प्रश्नाचे मला भेटलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांचे आहे. त्या प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी करत होत्या आणि दोन मुलांना एकट्या वाढवत होत्या. पहाटे लिहिण्याची सवय त्यांना निव्वळ गरजेपोटी लागली, कारण मुले उठून हाक मारायच्या आधीचा तेवढाच वेळ त्यांचा होता. पुढे मुले मोठी झाली, तरी पहाट सुटली नाही. उजाडण्याआधी उठून कॉफी करायची आणि प्रकाश येताना पाहायचा, हा त्यांचा रिवाज बनला. अशा गोष्टींत प्रेरणा शोधणाऱ्यांनी या घटनेचा क्रम लक्षात घ्यावा : आधी गरज, मग सवय, आणि विधीचे पावित्र्य सर्वांत शेवटी.

माझी पहाट नाही. मला दुपारी दोन ते साडेतीन एवढा वेळ मिळतो आणि तोही रोज नाही. वही उघडून बसलेल्या मुलीच्या त्या कार्यक्रमात माझ्या शेजारी बसलेल्या लेखकाला त्यांच्या भाषेविषयी विचारले गेले आणि मला वेळेविषयी, हे मी मनात नोंदवून ठेवले आहे, पण त्यावरून प्रश्न टाळणार नाही. त्या दीड तासातली पहिली पंधरावीस मिनिटे मी नवे काहीच लिहीत नाही. आदल्या खेपेचे मोठ्याने वाचते. जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारते, आणि अनुभव असा, की रेघ मारलेल्या दहांपैकी सात ठिकाणी मी वाचकाला काहीतरी समजावून सांगत असते. आवाज घरात ऐकू जातो. सुरुवातीला दार लोटून घेत असे, आता घेत नाही.

चावीच्या कथेबद्दल एवढे मात्र सांगायला हवे, की ती छापून आल्यावर मला आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न होता : चावी सापडली का? मी मागे वळून पाहिले नव्हते, आणि फोनवर पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही.