पोरांना सायकल शिकवताय? मग बाजूची चाकं लावू नका

परवा वडगावातनं वैनींचा फोन होता, पुतण्याला पाचवं लागलंय, सायकल घ्यायला गेलोय, दुकानदार बाजूची दोन छोटी चाकं फुकटात लावून देतो म्हणतोय, लावून घेऊ काय. मी म्हटलं अजिबात नको. फोनवर सगळं सांगणं झालं नाही म्हणून इथं लिहितेय, आणि तसंही एप्रिलमध्ये सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडं घरोघरी हाच विषय सुरू होतो.

आम्ही नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला राहतो. इथं दोन-अडीच वर्षांची पोरं बिनपॅडलच्या बुटक्या सायकलवर बसून पायानं जमीन ढकलत फिरतात, हळूहळू दोन्ही पाय उचलून तशीच पुढं जातात, तोल तिथंच येतो, मग चार वर्षांच्या आसपास पॅडलची सायकल दिली की फार शिकवावं लागत नाही. बाजूच्या चाकांनी नेमकं उलटं होतं. सायकल कलतच नाही, आणि दोन चाकांवर वळायचं तर कलायला लागतंच की, त्यामुळं पोरगं वर्षभर पॅडल मारतं खरं पण चाकं काढली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वेगळी सायकल घ्यायची पण गरज नाही, आहे त्याच सायकलची दोन्ही पॅडल काढा. १५ चा पाना लागतो, नसला तर पंक्चरवाल्याकडं न्या, दोन मिनिटांचं काम आहे. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं तर सुटतं, उजवं नेहमीसारखं. उलटीकडं जोर लावत बसलं तर ते आणखी घट्ट बसतं. परत लावताना डावं-उजवं अदलाबदल झालं तर आटे जातात, म्हणून काढतानाच खूण करून ठेवा. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. मोठं झाल्यावर उपयोगी पडंल म्हणून दोन नंबर मोठी सायकल घेणं तर कृपा करून टाळा, पाय पोचत नसले की पोर घाबरतं आणि घाबरलं की हँडल आवळून धरतं.

जागा म्हणाल तर बेळगावात व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, गावाकडं शाळेचं किंवा देवळापुढचं पटांगण चालतंय, बारका उतार असला तर उत्तमच. हँडल तुम्ही धरू नका, काखेत किंवा खांद्याला हात ठेवा म्हणजे तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. आणि पॅडल परत लावायच्या आधी ब्रेक शिकवा! बोटं ब्रेकपर्यंत पोचतात काय ते बघा, बऱ्याच सायकलींना तिथं बारका स्क्रू असतो, तो फिरवला की ब्रेकची दांडी मुठीजवळ येते. आमच्या मुलीला मी जमिनीवर रांगोळीची रेघ मारून द्यायचे, पुढचं चाक रेघेवर थांबलं पाहिजे, हा खेळ तिला इतका आवडला की चालवण्यापेक्षा थांबण्यातच जास्त मजा यायला लागली.

इथवर तसं सोपं आहे. पण तोल आला म्हणजे रस्ता आला असं कुणी समजू नका, रस्ता कळायला वर्षं जातात आणि माझं खरं सांगणं तेच आहे. नेदरलँड्स पहिल्यापासून असं नव्हतं, १९७१ साली इथं रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात ४०० च्या वर लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, मग हळूहळू वेगळे सायकलमार्ग वाढले, वस्तीतल्या गाड्यांचा वेग कमी झाला. तरीसुद्धा आईवडील पोरांबरोबर वर्षानुवर्षं सायकल चालवतात, गाड्यांच्या बाजूला मोठं माणूस, आतल्या बाजूला पोर. आपल्याकडं डावीकडनं चालायचं, म्हणजे तुम्ही त्याच्या उजव्या हाताला, किंचित मागं. प्राथमिक शाळेच्या शेवटी-शेवटी तर बऱ्याच शाळांत वाहतुकीची परीक्षाच असते, लेखी आणि खऱ्या रस्त्यावर चालवायची पण.

हेल्मेट इथली फार मुलं घालत नाहीत, पण ते बघून आपण सोडायचं नाही, आपल्याकडं वेगळा मार्ग कुठाय? भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एखाद-दोन बोटं जाईल इतकाच सैल, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही.

इथल्या शाळांत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुलांना उभ्या ट्रकच्या ड्रायव्हर सीटवर बसवतात आणि बाकीच्या पोरांना ट्रकच्या शेजारी उभं करतात. वर बसलेल्याला खालची पोरं दिसतच नाहीत! हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की शंभरदा ओरडून सांगायला लागत नाही. चिकोडी, निपाणी, अथणीकडं गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून जातात, पोरं शाळेला त्याच रस्त्यानं. ओळखीत कुणाचा तरी ट्रॅक्टर असतोच, काकांना विनंती करा, बंद ट्रॅक्टरवर, किल्ली काढून, भरलेल्या ट्रॉल्या मागं असताना पोराला सीटवर बसवा आणि तुम्ही मागच्या ट्रॉलीच्या कडेला उभं राहून विचारा, मी दिसतोय काय.