मॉरिशस: डॉल्फिन-व्हेलचं पॅकेज घेण्याआधी

मॉरिशसमध्ये कोणी 'व्हेलबरोबर पोहा' असं पॅकेज विकत असेल तर तिथून उठा. व्हेलबरोबर पोहायला तिथे कायद्याने बंदी आहे. आमच्या हॉटेलच्या काउंटरवर मात्र ते बिनदिक्कत विकलं जात होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅक रिव्हर गावाच्या धक्क्यावर डॉल्फिन-व्हेल बघायची तीच बोट जवळपास निम्म्या पैशात मिळते, हे पैसे भरून झाल्यावर कळलं. इल ओ बेनितिए बेटावरच्या जेवणाचे पैसे वर वेगळे घेतले. बोट थेट धक्क्यावर ठरवा. किती तास, किती माणसं, जेवण धरून की सोडून, सगळं आधीच वदवून घ्या.

आता तामारिनचा उपसागर. इथले स्पिनर (हवेत गिरक्या घेणारे) डॉल्फिन रात्रभर खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा विश्रांतीला किनाऱ्याजवळ येतात. म्हणजे आपण त्यांच्या झोपेच्या वेळी तिथे पोचतो. आम्ही गेलो तेव्हा बोटींनी कळपाला घेरलंच होतं. नाखवा ओरडला की माणसं धपाधप उड्या मारायची, कळप बुडी मारून पलीकडे निघायचा, लगेच सगळी इंजिनं तिकडे. एक पिल्लू आईच्या कुशीला इतकं चिकटून पोहत होतं की दोघांच्या मध्ये फट दिसत नव्हती. तिने वळण घेतलं की तेही वळायचं, आणि दर वेळी समोर नवी बोट. मला ते बघवेना. माझं स्पष्ट मत: तामारिनला पाण्यात उतरूच नका. उजाडताच निघणारी, लांब थांबणारी बोट मिळाली तरच जा, नाहीतर हा भाग सरळ गाळा.

ते पैसे खोल समुद्रासाठी ठेवा. बेट ज्वालामुखीचं असल्याने पश्चिम किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो आणि तिथे स्पर्म व्हेल माद्या पिल्लांसह वर्षभर असतात. मोठे नर थंड समुद्रांकडे निघून जातात. व्हेलच्या श्वासाचा फवारा सरळ वर न जाता पुढे डावीकडे तिरका उडाला की समजा स्पर्म व्हेलच, कारण तिचं श्वासाचं छिद्र डाव्या बाजूला असतं. आम्हाला दिसली तिची पाठ खारकेसारखी सुरकुतलेली होती. काही मिनिटं ती संथ श्वास घेत पडून राहिली, मग शेपटी उभी करून खाली गेली. बोटीवर कोणी बोलेना. त्या एका दर्शनासाठी मी पुन्हा तेवढेच पैसे मोजीन.

पण मधली वाट बघणं भयंकर. व्हेल एकदा खाली गेली की पाऊण तासही वर येत नाही. तोवर इंजिन बंद, बोट आडवी डोलते, डिझेलचा वास डोक्यात जातो. निम्मी बोट ओकत होती. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या, हलकं खा, मागच्या बाजूला बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. पाठीचं दुखणं असेल तर स्पीडबोट नको. पाण्यात मायक्रोफोन सोडणारी बोट मिळाली तर तीच घ्या, खालून येणारी व्हेलची टकटक ऐकू येते.

बाकीचे दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

हंपबॅक ही व्हेलची दुसरी जात; त्या अंटार्क्टिककडून येतात त्या साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी त्यांची आशा धरू नये. स्पर्म व्हेल तेव्हाही असतात.