अर्ध्या दिवसात एक भिंत

"एकाच देवळात तुम्ही चार-चार तास करता तरी काय हो?"

हे मला इतक्या वेळा विचारून झालंय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. विचारणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते. कर्नाटकातलं हळेबीड बघून झालेलं असतं, वेरूळही झालेलं असतं. कोरीवकाम अप्रतिम, यात शंकाच नाही. पण अर्ध्या तासाने सगळ्या मूर्ती सारख्याच दिसायला लागल्या, पाय बोलायला लागले, मग फोटो काढले आणि निघालो. आणि मग हळूच: "आम्हालाच कळत नाही का त्यातलं?"

तसं काही नाही. तुम्ही अख्खं देऊळ बघायला गेलात, तिथंच गडबड झाली. मी अख्खं देऊळ कधी बघतच नाही.

हे शहाणपण पहिल्यापासून नव्हतं. पहिल्या खेपेला मी बेलूर आणि हळेबीड एकाच दिवसात उरकलं होतं. तीनशेच्या वर फोटो काढले. परत येऊन बघतो तर निम्म्याहून अधिक फोटोंत मूर्ती कुणाची, भिंत कुठली, काही म्हणता काही सांगता येईना. दुसऱ्या खेपेला ठरवून हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराची एकच बाजू घेतली, त्यातही फक्त खालचे थर. ती भिंत सरळ नाही. कोन काढत, दुमडत जाते. तिच्यावर एकावर एक आडवे पट्टे आहेत: सगळ्यात खाली हत्ती, वर सिंह, वेलबुट्टी, घोडेस्वार, मग रामायण-महाभारतातले प्रसंग, त्यावर मकर (मगरीसारखे काल्पनिक प्राणी) आणि हंस. भार पेलायचा म्हणून हत्ती तळाला. हत्तींचा पट्टा धरून मी चालत राहिलो. पहिले वीस-पंचवीस हत्ती एकसारखेच वाटले. त्यानंतर कुठेतरी नजर बसली. एकाची सोंड वळलेली, एकाची लोंबती. एकाचं पाऊल उचललेलं, दुसऱ्याचं रोवलेलं. छाप्यातून काढलेलं तिथं काहीच नाही, हे त्या दिवशी डोळ्यांना पटलं.

दगड कुठला, हेही आधी बघावं. ही देवळं बांधणाऱ्या होयसळ राजांचा दगड म्हणजे सोपस्टोन. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो. म्हणून तर त्या मूर्तींच्या गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी सुटा दिसतो, आणि खांब लेथवर फिरवल्यासारखे गुळगुळीत, कड्याकड्यांचे. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट असले लाड करू देत नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण बेसॉल्टच्या मुलखातच जन्मली असणार. अंबरनाथचं शिवमंदिर बघून "हळेबीडइतकं बारीक नाही" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. त्या पाथरवटाने रेघेपेक्षा उठावावर भर दिलाय. कंबरेचा बाक, मांडीचा भार, सावली कुठं पडेल याचा हिशेब. पावसाने झिजूनही त्या मूर्ती लांबून ओळखू येतात त्या यामुळेच.

अंबरनाथवरून आठवलं. जुनं दगडी देऊळ दिसलं की "हेमाडपंती" म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. अंबरनाथच्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. दोनशे वर्षांनी होऊन गेलेल्या माणसाचं नाव आपण त्या देवळाला खुशाल चिकटवतो.

आता उजेडाचं. कोरीवकाम म्हणजे निम्मा दगड आणि निम्मी सावली. पूर्वेची भिंत सकाळी बघावी, पश्चिमेची ऊन कलल्यावर. उत्तरेच्या भिंतीवर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. तिथं मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. एवढा वेळ नुसता गोळा दिसणारा चेहरा ओठ, पापण्यांसकट वर येतो. एकदा मी नीट दिसावं म्हणून मूर्तीवरची धूळ पाण्याने पुसायला गेलो होतो, तर राखणदाराने असा झाडला की विचारू नका. बरोबरच होतं त्याचं. हात लावायचा नाही, पाणी नाही, खडू तर नाहीच नाही.

वेरूळच्या कैलासात लोक आकड्यांत हरवतात. किती टन दगड काढला, किती वर्षं लागली. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे काम. डोंगर वरून खाली खोदत आणलाय, ते थक्क करणारं आहेच. पण मी जातो तो दक्षिण बाजूच्या एका खोबणीतल्या शिल्पासाठी. खाली रावण कैलास उचलतोय. वीस हात, अंगातली सगळी ताकद पणाला. वर शिव निवांत, नुसता पाय दाबतोय. पार्वती दचकून त्याला बिलगली आहे. इथवर गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तिच्या मागे मात्र एक दासी आहे, जी सरळ पळत सुटली आहे. देव काय करायचं ते करेल, तिला कुठे माहीत की शेवट गोड आहे! शिव आणि रावणाच्या झटापटीत डोंगर खरंच हलला, हे मला त्या दासीमुळे खरं वाटतं. तिच्यासमोर मी एकदा तासभर उभा होतो. तेवढ्यात तीन गट येऊन गेले. तिन्ही गाइडांनी रावणाचे हात मोजून दाखवले, दासीकडे एकाचंही बोट गेलं नाही. (कुठल्या मूर्तीच्या हातात दुर्बीण आहे आणि कुठला माणूस परग्रहावरचा आहे, हे दाखवणारे गाइड वेगळेच. त्यांच्यापासून लांब राहा.)

आणि हो, पायथ्याशी वाकून बघा. कर्नाटकातल्याच सोमनाथपूरच्या 1258 सालच्या केशव मंदिरात मूर्तींखाली कारागिरांची नावं कोरलेली आहेत. त्यात मल्लितम्म हे नाव पुन्हा पुन्हा येतं. कन्नड लिपी येत नसेल तर तिथल्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. एकदा ते नाव ऐकलं की पुढच्या प्रत्येक मूर्तीखाली आपण नाव शोधत बसतो, आणि चार तास कुठे गेले ते कळत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराची गोष्ट वेगळी. तिथं कोरीवकाम सोडून मी चक्क जमिनीकडे बघत बसतो. कृष्णाकाठच्या या देवळात पुढे स्वर्गमंडप आहे. आतल्या वर्तुळात बारा खांब आणि त्यांच्यावर छताला मधोमध मोठं गोल मोकळं आकाश. त्या गोलाच्या कडेशी दिक्पाल, म्हणजे दिशांचे राखणदार देव, आपापल्या वाहनांवर बसलेत. बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. त्या भागात मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य दुपारी जवळजवळ थेट डोक्यावर येतो. तेव्हा वरच्या गोलातून पडलेलं ऊन त्या शिळेवर कसं येतं ते मला बघायचं होतं, म्हणून अकरा वाजता जाऊन बसलो. उन्हाचा तुकडा फरशीवरून सरकत होता. इतका हळू, की बघताना सरकत नाही आणि नजर काढून परत बघावं तर पुढे गेलेला. साडेबारा होत आले. शिळा जवळजवळ सगळी उजळली होती.

तेवढ्यात झाडू घेऊन एक मावशी आल्या. सकाळपासून मला बघत असाव्यात.

"काय हरवलंय का?"

"नाही मावशी. ऊन मधे यायची वाट बघतोय."

त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा शिळेकडे, एकदा माझ्याकडे.

"ते येतंय. तुम्ही वाईच सरका. मला झाडायचंय."

मी सरकलो.